सेलर मूनमधली उसागी एवढी रडकी आहे, मग ती टीमची लीडर कशी काय होते?

तुम्ही लिहिलंय की सेलर मून या जपानी अ‍ॅनिमे मालिकेचे दहा एपिसोड बघून झाले, उसागी नुसती रडते, झोपते, खाते आणि ल्यूना मांजर तिला ढकलून ढकलून लढायला पाठवते, मग हिला लीडर कशाला म्हणायचं. मलाही कॉलेजात असताना हाच प्रश्न पडला होता. आता भाचीबरोबर परत बघतेय, ती आठवीत आहे म्हणजे जवळपास उसागीच्याच वयाची, आणि या वेळी मला वेगळंच दिसलं. रडणं तिचं शेवटपर्यंत सुटत नाही, सुटतं ते पळणं.

पहिला एपिसोड परत लावा. शाळेला उशीर झालाय तरी ती रस्त्यात थांबते, कारण काही पोरं एका काळ्या मांजरीला छळतायत, तीच ही ल्यूना. त्यांना हाकलते, मांजरीच्या कपाळावर चिकटपट्टी लावलेली असते ती ओढून काढते आणि खाली चंद्रकोर दिसते. तेव्हा तिच्याकडे कसलीच पॉवर नाहीये, कोणी सांगितलेलंही नाही, वर त्याच दिवशी इंग्रजीच्या टेस्टमध्ये ३० मार्क पडलेत. पुढे जी काही लीडर होते ती या चिकटपट्टीपासूनच, असं मला मनापासून वाटतं.

मग राक्षसिणीसमोर ती घाबरून भोकाड पसरते आणि तो आवाजच केसातल्या लाल दागिन्यांतून लहरी होऊन समोरच्यांना लोळवतो. तिथे आपण हसतो. पण ३४ व्या एपिसोडला लढायांत तिच्या मदतीला धावून येणारा मामोरू तिला वाचवताना जखमी होऊन पडतो, ती रडते, आणि त्याच आसवापासून सगळे शोधत असलेला जादूचा सिल्व्हर क्रिस्टल तयार होतो आणि कळतं की इतके दिवस सगळे ज्या राजकन्येला शोधत होते ती हीच. म्हणजे ज्या गोष्टीवरून घरचे, मैत्रिणी, मांजरसुद्धा तिला बोलतात तीच तिची ताकद निघते. (नावाची पण गंमत आहे, त्सुकिनो उसागी म्हणजे चंद्राचा ससा, जपानी लोकांना चंद्रावर ससा दिसतो आणि आपण पण चंद्राला शशांक म्हणतोच की.)

टीमचं बघाल तर हिच्याबरोबर लढणाऱ्या चौघींत हुशार आमी आहे, ताकदवान माकोतो, शिस्तीची रेई, आणि मिनाको तर हिच्या आधीपासून सेलर व्ही म्हणून लढतेय. कागदावर चौघीही हिच्यापेक्षा सरस. पण आमीशी वर्गातलं कोणी बोलत नसतं, माकोतोला नव्या शाळेत सगळे घाबरतात, आणि या दोघींजवळ सहज जाऊन बसणारी एकटी उसागी असते. माकोतोचा डबा बघून तर तिला राहवतच नाही. टीम जमली ती अशी, त्यामुळे रेई कितीही भांडली तरी टीम फिरते उसागीभोवतीच.

४५ आणि ४६ मात्र जपून बघा. उत्तर ध्रुवावर एकेक मैत्रीण तिला पुढे पाठवण्यासाठी जीव देते, आधी माकोतो, मग आमी, मिनाको, शेवटी रेई. भाचीने मध्येच पॉज केलं, पाणी प्यायली आणि म्हणाली, मावशी, आता ही घरी जाईल ना गं? मी काहीच बोलले नाही. उसागी घरी जात नाही. पहिल्या सीझनची मुख्य शत्रू क्वीन बेरिल, तिच्यासमोर ती एकटी उभी राहते आणि त्या चौघींचे हात तिच्या हातावर येतात, तो शॉट मी इतक्या वेळा पाहिलाय तरी दर वेळी घसा दाटून येतो. ज्या मुलीला पहिल्या दिवशी नकोच होतं हे सगळं, तिला आता पुढे जा म्हणायला कोणी उरलेलं नसतानाही ती थांबलेली असते.

आणि खरी लीडर मला ती तिसऱ्या सीझनला वाटते. हारुका आणि मिचिरू या आणखी दोन सेलर योद्ध्या सांगतात की जग वाचवायचं तर होतारू या लहान मुलीला मारावं लागेल, आणि त्यांचं गणित चूकही नाहीये, पण उसागी नाही म्हणजे नाही म्हणते, एकीला मारून जग वाचवायचं नाही. शेवटी जेव्हा वेळ येते तेव्हा होतारूला आणायला स्वतः शत्रूच्या अंधारात उडी मारते. त्या दोघींना हे पटत नाही, तू मऊ आहेस म्हणून तिच्याशी लढतात, आणि मग तिला राणी मानतात. इथे निर्णय तिचा आणि धोकाही तिचाच.

१९९२ ते १९९७ असे एकूण २०० एपिसोड आहेत, सगळे बघायला वेळ नसेल तर पहिल्या सीझनचे ४६ तरी बघाच. २५ ला माकोतो येते, ३३ ला मिनाको, ते दोन सोडू नका, नाहीतर ४५ ला त्या गेल्यावर काही वाटणार नाही. आणि ४५, ४६ सलग बघा, मध्ये झोपायला जाऊ नका.