दारावरचा गणपती

राणू,

रविवारी दारावरची गणपतीची टाइल पडली आणि तिचा एक टवका उडाला. मी ती परत चिकटवत होते, तेव्हा तू विचारलंस, "आई, हे दार घरमालकाचं आहे ना? मग त्यावर आपला गणपती कसा?" मी "शुभ असतं" एवढंच म्हणून मोकळी झाले. आळशी उत्तर होतं ते. म्हणून आता सावकाश लिहितेय. तूही सावकाशच वाच, जोडाक्षर अडलं तर मला हाक मार.

मागच्या सुट्टीत आपण कोल्हापूरहून पन्हाळ्याला गेलो होतो. तुला भाजलेलं कणीसच जास्त आठवत असेल, पण पश्चिमेकडच्या तटातला तो मोठा दरवाजा आठवून बघ. तीन दरवाजा. बाहेरच्या कमानीतून आत गेलं की उघडा चौक, कडेला पहारेकऱ्यांच्या ओवऱ्या आणि समोर पुन्हा दरवाजा. शत्रूनं बाहेरचा दरवाजा फोडला तरी तो चौकात कोंडला जाणार आणि वरून मार खाणार. अशी जागा. तिथे तू "कोण आहे रे तिकडे" असं ओरडून बघितलंस आणि एक आजोबा दचकले होते.

त्या दरवाज्यावर दगडात फारसी अक्षरं कोरलेली आहेत. तू त्यांना नक्षी समजली होतीस. तो लेख विजापूरच्या पहिल्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला, म्हणजे सोळाव्या शतकातला. गड त्याच्याही आधीचा, शिलाहार राजा दुसऱ्या भोजाच्या वेळचा. पण हा दरवाजा आदिलशाहीतला. आणि त्याच दरवाज्याच्या माथ्यावर छोटासा गणपती आहे. तो मराठ्यांनी मागाहून कोरला असावा, असं जाणकार मानतात. बाबांनी तुला खांद्यावर घेऊन दाखवला होता, तोच.

हा गड कितीदा हातातून हातात गेला ते ऐक. अफझलखानाला मारल्यावर अठराच दिवसांत, नोव्हेंबर १६५९ मध्ये, शिवाजी महाराजांनी पन्हाळा घेतला. पुढच्याच वर्षी सिद्दी जौहरनं वेढा घातला आणि महाराज चार महिने गडावर अडकले. जुलैमध्ये भर पावसात, रात्री, ते राजदिंडीच्या वाटेनं निसटले आणि विशाळगडाकडे गेले. बाजीप्रभूंची गोष्ट तुला पाठच आहे, ती इथे सांगत नाही. (दिंडी म्हणजे मोठ्या दाराच्या फळीतलं छोटं दार, एका माणसानं वाकून जाण्यापुरतं. आणि हो, वारीतल्या दिंडीलाही हाच शब्द.) महाराज निसटले, पण गड मात्र सोडून द्यावा लागला.

तो परत आला १६७३ मध्ये. कोंडाजी फर्जंद फक्त साठ माणसं घेऊन रात्री कडा चढून वर गेला. वर पोचल्यावर त्यांनी कर्णे फुंकले. झोपेतून उठलेल्या किल्ल्यावरच्यांना वाटलं, केवढी फौज आली! किल्लेदार पडला आणि सकाळी गड मराठ्यांचा. तीन दरवाज्याला कोकण दरवाजाही म्हणतात आणि कोंडाजी त्याच बाजूनं वर आला, असं तिथे सांगतात. मला ही गोष्ट बाजीप्रभूंच्या गोष्टीइतकीच आवडते, पण शाळेच्या पुस्तकात तिला तेवढी जागा मिळत नाही.

आता तुझा प्रश्न. गड जिंकला, दरवाजा आपला झाला. त्या फारसी ओळी छिन्नीनं घासून टाकणं एका दुपारचं काम होतं. पण त्या आजही वाचता येतात. गणपती आला आणि आधीच्याचं नावही राहिलं. दार कोणी बांधलं ते दार सांगतं, आणि आत आता कोण राहतं तेही सांगतं.

सगळ्यांनीच असं केलं नाही. पन्हाळ्याला पूर्वेकडे चार दरवाजा होता, तू तो पाहिला नाहीस कारण तो उरलाच नाही. १८४४ मध्ये कोल्हापूरकडच्या गडकऱ्यांनी बंड केलं. गडकरी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या गड राखणारे. त्यांच्या जमिनींच्या कारभारात इंग्रजांनी हात घातला होता. इंग्रज फौजेनं त्या डिसेंबरात पन्हाळा घेतला आणि चार दरवाजा पाडला. आपली गाडी जिथून गावात शिरली ना, ती त्याचीच जागा. मी खिडकीतून दाखवलं होतं, तू झोपली होतीस.

आबांच्या जुन्या घरी दाराच्या चौकटीच्या वरच्या लाकडात मधोमध गणपती कोरलेला होता. त्याला गणेशपट्टी म्हणतात. सुतारानं चौकट उभी केली की घरात माणसं राहायला यायच्या आधी तिची पूजा होते, दाराला हळदकुंकू लागतं. म्हणजे भिंती, छप्पर सगळं नंतर, आधी दार. मला लहानपणी वाटायचं की गणपती आत येणाऱ्यांवर लक्ष ठेवतो. आजी म्हणायची, तो बाहेर जाणाऱ्यांकडे बघतो. बहुतेक तिचंच खरं असावं, कारण आबा कोर्टात निघताना वर बघून हात जोडायचे, परत येताना कधीच नाही.

आपलं दार भाड्याचं. करारात खिळा ठोकायला मनाई आहे, म्हणून टाइल आणि दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी. घरमालकाला विचारलं होतं. तो म्हणाला, रंग निघाला नाही म्हणजे झालं. आणि तुझ्या खोलीच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा आहेत, शेजारी आकडे, आपल्या आधी इथे राहिलेल्या कुठल्याशा मुलाच्या उंचीचे. आपण घर रंगवून घेतलं तेव्हा तेवढी चौकट मी सोडायला सांगितली होती. का, ते तेव्हा मलाही नीट सांगता आलं नव्हतं.

आपण इथून जाऊ तेव्हा टाइल काढून सोबत नेऊ. तोपर्यंत ती तिथेच. मला ती जरा डावीकडे कललेली दिसते, बाबांना नाही. शाळेतून आलीस की लांबून बघून सांग. पट्टी अजून घट्ट बसलेली नाही, आजच सरळ करता येईल.

आई