१९व्या शतकात रंगमंचावर येणारी सयामी जुळी फक्त प्रदर्शनापुरती होती का?

सुरुवात प्रदर्शनानेच व्हायची. पण मिली आणि क्रिस्टीन मॅकॉय यांना मी निःसंकोच कलाकार म्हणेन. १८५१ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात गुलाम आईवडिलांच्या पोटी जन्मलेल्या या बहिणी पाठीच्या कण्याच्या खालच्या टोकाशी जोडलेल्या होत्या. लहानपणीच विकल्या गेल्या, मग पळवून इंग्लंडला नेल्या गेल्या. त्यांची आई मोनेमिया तिथवर गेली आणि कोर्टातून मुलींचा ताबा मिळवला. गुलामगिरीतल्या बाईची ही हिंमत मला फार मोठी वाटते!

'दोन डोक्यांची नाइटिंगेल' (नाइटिंगेल म्हणजे गोड गाणारा एक पक्षी) या नावाने जाहिरात व्हायची; पण लोक ऐकायचे ते त्यांचं गाणं. एक वरच्या पट्टीत, दुसरी खालच्या. दोघी नाचायच्याही, अनेक भाषा बोलायच्या. राणी व्हिक्टोरियासमोरही गायल्या. गुलामगिरी संपल्यावर स्वतःच्या कमाईतून त्यांनी कुटुंबाला जमीन मिळवून दिली.