तोतया, सोंग आणि नक्कल

प्रश्न असा आहे : तांबड्या समुद्रातल्या फँगब्लेनी या विषारी सुळ्यांच्या छोट्या माशाची 'नक्कल करणारे' दोन मासे आहेत, त्यांना 'तोतया' म्हणावं का?

आधी 'नक्कल'. नक्कल म्हणजे टवाळी, असं ऐकून कान किटले. तलाठ्याकडून सातबाऱ्याची नक्कल काढताना कोण कुणाची टवाळी करतं? मूळ अरबी 'नक़्ल', म्हणजे एका जागचं दुसऱ्या जागी नेणं. मजकूर या कागदावरून त्या कागदावर गेला की झाली नक्कल. उर्दूत घर हलवणं म्हणजे आजही 'नक़्ल-ए-मकानी'. आणि आपल्या 'क'चा थाट बघा : अक़्लची अक्कल, शक्लची शक्कल, नक़्लची नक्कल! त्यातही अक्कल मुळात उंटाचा पाय बांधण्याच्या क्रियापदातली, आणि शक्ल म्हणजे नुसता आकार, त्याची युक्ती केली ती आपण. 'नकल' हेच शुद्ध म्हणणाऱ्या पंडितांनी आधी 'अकल' लिहून दाखवावी.

हां, मासे. मूळ मासा, म्हणजे ती फँगब्लेनी, मेइअ‍ॅकँथस नायग्रोलिनिएटस : बोटाएवढा, पुढून निळसर, मागे पिवळा, डोळ्यापासून निघालेली काळी रेघ. खालच्या जबड्यात खाचेचे दोन सुळे, बुडाशी विषग्रंथी. मोठ्या माशानं अशाला तोंडात घेतलं की आतून चावा बसतो. गिळणारा डोकं झटकून थुंकून टाकतो. २०१७ सालच्या संशोधनात या वंशाच्या विषात अफूसारखी काम करणारी द्रव्यं सापडली. उंदरांना ते टोचलं तर वेदनेची लक्षणं दिसली नाहीत, रक्तदाब मात्र धाडकन उतरला.

नक्कल करणाऱ्यांतला पहिला एक्सेनिअस ग्रॅव्हिएरी, हा शेवाळ खरवडून खाणारा गरीब जीव. विष नाही, रंग तोच, पोहण्याची ढबही तीच. कुणाचं काही न घेता जीव वाचवतो. हे सोंग.

दुसरा प्लॅजिओट्रेमस टाउनसेंडी. सुळे आहेत, विष नाही. त्याच रंगाच्या आडून इतर माशांच्या अंगाचे लचके तोडतो. (प्लॅजिओ- पाहून याच्या नावात 'प्लेजिअरिझम' शोधू नका. ग्रीकमध्ये प्लॅगिओस म्हणजे तिरपा, ट्रेमा म्हणजे भोक.) तोतया म्हणायचं तर यालाच. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून उभा राहिलेला, १७७६ मध्ये पुण्यात देहदंड झालेला तो तोतया काही जीव वाचवायला भाऊ झाला नव्हता. त्याला मुलूख हवा होता.

नक्कल दोघांचीही म्हणा, हरकत नाही. 'नकलाकार मासा' तेवढं छापू नका.