ठाण्यात गॅलरीतल्या कुंडीत एडलवाइस फुलेल का? त्याची निगा कशी राखायची?

ताई, तुम्ही लिहिलंय की स्वित्झर्लंडला डोंगरावर एडलवाइस हे पांढरं मखमली फूल पाहिलं, जीव जडला, घरी आल्यावर ऑनलाइन बियांचं पाकीट मागवलं. कापूरबावडीला चौदाव्या मजल्यावर पूर्वेची गॅलरी आहे, तिथे हे झाड फुलेल का, आणि त्याची निगा कशी राखायची.

आधी सरळ उत्तर देतो. बी उगवेल, रोप होईल, थंडीभर छान दिसेल. फूल येणार नाही, आणि पाऊस लागायच्या आत रोप जाईल. मी नौपाड्यात राहतो आणि लागोपाठ तीन हिवाळे हे करून पाहिलंय, म्हणून इतक्या खात्रीने सांगतोय. तरीही "पेरू नका" असं मी म्हणणार नाही. आणलेलं बी जरूर पेरा. फक्त पुढे काय होणार हे ठाऊक असू द्या, म्हणजे रोप गेल्यावर आपल्या हातून काही चुकलं असं वाटत राहणार नाही.

हे झाड राहतं कुठे ते आधी बघू. आल्प्समध्ये ते साधारण 1800 ते 3000 मीटर उंचीवर, चुनखडीच्या खडकांत उगवतं. आपलं कळसूबाई 1646 मीटर. म्हणजे महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर जिथे संपतं, त्याच्याही वर याचं घर सुरू होतं. तिथे माती अशी नसतेच, खडीच्या फटींत बोटभर काय ती असते. ऊन कडक, वारा सतत, आणि उन्हाळ्यातसुद्धा रात्री गारठा. वर्षातले कित्येक महिने झाड बर्फाखाली असतं. वरचं सगळं वाळून जातं आणि जमिनीतला गड्डा तेवढा जिवंत राहतो.

तुम्ही पाहिलेल्या त्या पांढऱ्या मखमली पाकळ्या खरं तर पाकळ्या नाहीत, लव असलेली पानंच आहेत. खरी फुलं म्हणजे मधले ते पिवळट गोळे, आणि प्रत्येक गोळ्यात पुष्कळ बारीक फुलं दाटीने बसलेली असतात. झेंडू-सूर्यफुलाच्याच कुळातलं झाड आहे हे. ती लव डोंगरावरच्या कडक उन्हापासून आणि वाऱ्यापासून झाडाला वाचवते. आणि हीच लव ठाण्यात त्याच्या मुळावर येते. दमट हवेत ती ओली झाली की वाळत नाही, मग बुरशी धरते.

माझी बहीण म्युनिकजवळ राहते. तिच्या गॅलरीत एडलवाइसची कुंडी आहे, आणि निगा कशी राखायची हे मी तिच्याकडूनच शिकलो. ते सांगतो, कारण तुमचे कोणी थंड मुलखात राहत असतील तर बी त्यांना देता येईल. तिने रोप नर्सरीतून आणलं. डोंगरावरचं उपटून आणायचं नसतं, पूर्वी लोकांनी ते इतकं ओरबाडलं की त्याला कायद्याचं संरक्षण द्यावं लागलं. कुंडी मातीची, उथळ. मातीत निम्म्याहून जास्त बारीक खडी. खत जवळजवळ नाहीच. मी एकदा फोनवर म्हटलं, थोडं शेणखत घालून बघ, जोम धरेल. ती म्हणाली, खताने पानं हिरवीगार होतात, देठ लांबतात आणि पांढरेपणा जातो. उपाशी ठेवलं तरच ते पांढरंशुभ्र राहतं. हे ऐकून मी थोडा वेळ गप्पच झालो, कारण आपल्याकडे झाड म्हटलं की हात आधी खताच्या डब्याकडे जातो.

ऊन मात्र मिळेल तितकं. पाणी माती वरून सुकल्यावर, आणि पानांवर न टाकता. हिवाळ्यात बहीण कुंडी घरात घेत नाही. बर्फ पडला तरी बाहेरच असते, फक्त छपराच्या कडेखाली सरकवलेली, कारण झाड थंडीने मरत नाही, थंडीत मुळाशी पाणी साचलं तर मरतं. मार्चमध्ये वाळलेले देठ कापते, दोन-तीन वर्षांनी गड्डा सोडवून वेगळा करते. एवढं करूनही झाड फार वर्षं टिकत नाही, म्हणून दर वर्षी थोडं बी धरून ठेवते.

आता आपल्याकडचं. दुपारच्या उन्हाला मी फारसा घाबरत नाही, त्यावर जाळी बांधता येते. खरी अडचण रात्रीची आहे. झाड दिवसा साखर करतं आणि रात्री श्वासावर ती खर्च करतं. हवा जितकी गरम तितका खर्च जास्त. आल्प्समध्ये रात्र थंड, त्यामुळे शिल्लक पडते. ठाण्यात एप्रिल-मेमध्ये पहाटेसुद्धा पारा 24-25 च्या खाली फारसा उतरत नाही. रोज थोडी थोडी उसनवारी होते आणि महिन्याभरात झाड दिवाळखोर होतं. पाणी घाला, सावली करा, ते परत उभं राहत नाही. त्यातून वाचलंच तर पुढे जून, आणि वर्षाचा अडीच हजार मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस. शिवाय फूल धरायला आधी एक कडक हिवाळा लागतो. पहिल्या वर्षी जमिनीलगत नुसतं पानांचं गोल चक्र, मग बर्फाची झोप, मग पुढच्या उन्हाळ्यात फूल. ती झोप आपण कुठून आणणार? आपल्या जानेवारीतल्या रात्रीला हे झाड थंडी म्हणणार नाही.

बऱ्याच जणांनी मला एसीच्या खोलीत ठेवायला सुचवलं. मी ते केलं नाही, तुम्हीही करू नका. एसी 24 वर लावतो, ती या झाडाची भर उन्हाळ्यातली दुपार झाली. आणि खोलीत याला पुरेल इतका उजेड नसतो. अंधारात हे झाड लांबुळकं होतं, मान टाकतं.

तरीही पेरायचं असेल तर असं करा. उन्हाळ्यापासून मागे मोजत पेरायची वेळ ठरवायची, म्हणजे रोपाला आपला सगळा थंडीचा काळ मिळतो. घटस्थापनेच्या सुमारास मूठभर धुतलेली वाळू ओली करून पिळून घ्या, पाणी टपकता कामा नये. त्यात बी मिसळून झिपच्या छोट्या पिशवीत भरा आणि फ्रिजमध्ये खालच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा. फ्रीजरमध्ये नाही. पिशवीवर तारीख लिहा आणि घरच्यांना सांगून ठेवा, आमच्याकडे पहिल्या वर्षी ती पिशवी कचऱ्यात गेली होती. पाच-सहा आठवडे ती तिथेच राहू द्या. हा आपण बियाला दाखवलेला हिवाळा.

तुळशीच्या लग्नाच्या सुमारास पेरा. सहा इंची मातीची कुंडी, तळाला भोक मोकळं. दोन भाग कच, म्हणजे इमारतीच्या कामावर मिळते ती बारीक खडी, चाळून आणि धुऊन घेतलेली. एक भाग लाल माती, एक भाग जाड वाळू. मूठभर संगमरवराचे तुकडे मिसळा, चुनखडीची सवय असलेल्या झाडाला ते मानवतं. कंपोस्ट अजिबात नको. बी खसखशीहून बारीक असतं, ते वाळूसकट वर भुरभुरायचं आणि वर माती टाकायची नाही. उगवायला त्याला उजेड लागतो. पाणी वरून घातलंत तर बी वाहून एका कडेला जातं, म्हणून कुंडी पाण्याच्या ताटलीत ठेवायची, माती वरपर्यंत ओलसर दिसली की बाहेर काढायची. दोन-तीन आठवड्यांत कोंब दिसतात.

कंपोस्ट नको असं ठासून का सांगतोय, तर माझा दुसरा हिवाळा त्यात गेला. शेजारच्या बागेतलं कंपोस्ट अर्धं घातलं होतं. पंधराव्या दिवशी चार रोपं वर आली, पानांवर लव, मला केवढा आनंद झाला. दीड महिना मी ती चार रोपं सकाळ-संध्याकाळ निरखत होतो, बहिणीला फोटो पाठवत होतो. पानं जरा रुंद आणि कडेला दातेरी होती, तीही म्हणाली थांबून बघू. मग एके सकाळी त्यातल्या एकाने लांब सरळ दांडा काढला आणि टोकाला पिवळं-पांढरं फूल. एकदांडी होती ती. रस्त्याच्या कडेला उगवते तीच, आम्ही लहानपणी खरचटल्यावर जिचा रस लावायचो. बी कंपोस्टमधून आलं होतं. खरं एडलवाइस त्यांच्या सावलीत उगवलं असेल तर मला ते दिसलंही नाही. खऱ्या रोपाची पहिली पानं टाचणीच्या डोक्याएवढी असतात. पुढची पानं अरुंद, जिभेसारखी, कडा सरळ, आणि खालच्या बाजूने राखेसारखी पांढरट. वरून बघून कळत नाही, पान उलटून बघावं लागतं.

तिसऱ्या हिवाळ्यात अकरा रोपं आली. फेब्रुवारीत त्यातल्या सगळ्यात मोठ्या रोपाचं चक्र दहा रुपयांच्या नाण्याएवढं झालं होतं. सकाळच्या उन्हात ते असं चांदीसारखं चमकायचं की आजूबाजूच्या मुलांना बोलावून दाखवलं. मार्च उजाडला तशी बाहेरची पानं पिवळी पडली. पुढे एकेकाचा मधला कोंब काळा पडत गेला. शेवटचं रोप एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात गेलं. उपटून पाहिलं तर मुळं तपकिरी आणि मऊ झाली होती. मला वाईट वाटलं, अजूनही वाटतं. पण ते चार महिने मी कशाच्याही बदल्यात देणार नाही.

तुमच्या गॅलरीची एक बाजू माझ्याहून चांगली आहे, वारा. चौदाव्या मजल्यावर लव लवकर सुकेल. पूर्वेचं ऊन अकरापर्यंत मिळत असेल तर तेही पुरे. कदाचित तुमचं रोप माझ्याहून पंधरा दिवस जास्त काढेल.

या झाडाने मला जे दाखवलं ते मी दुसऱ्या कुंडीत लावलं, आणि त्याबद्दल मला तुमच्याशी जास्त बोलायचंय. डोंगरावरच्या झाडाची निगा म्हणजे बरीचशी त्याच्या झोपेची निगा. बहीण हिवाळ्यात कुंडीला काहीच करत नाही, आणि तेच सगळ्यात महत्त्वाचं काम असतं. आपल्या सह्याद्रीतली झाडंही झोपतात, फक्त थंडीने नव्हे, कोरडेपणाने. कासचं पठार बघा. कातळावर वीतभरही माती नाही, ऑगस्ट-सप्टेंबरात फुलांचे गालिचे, आणि उन्हाळ्यात जाल तर नुसता करपलेला माळ. सगळं कंदांत आणि बियांत निजलेलं असतं. थंड झोप ठाण्यात देता येत नाही. कोरडी झोप प्रत्येक गॅलरीत देता येते, पाणी बंद केलं की झालं. (कासवरून किंवा येऊरच्या जंगलातून काही खणून आणू नका, तो गुन्हा आहे आणि ते झाड कुंडीत जगतही नाही.)

माझ्याकडे त्या कोरड्या झोपेचं झाड म्हणजे भुईचाफा. आल्या-हळदीच्या कुळातला. नोव्हेंबरात त्याची पानं पिवळी पडून आडवी होतात. तेव्हा पाणी पूर्ण थांबवायचं, कुंडी गॅलरीच्या कोपऱ्यात बाकाखाली सरकवायची आणि विसरायची. चार महिने ती रिकामी दिसते. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी एकदा "हिच्यात काहीच नाही, कोथिंबीर पेरू का" म्हणून विचारलं होतं. मग होळीनंतर, अजून एकही पान नसताना, कोरड्या मातीतून थेट फूल वर येतं. देठ दिसतच नाही, कोणी फूल मातीवर आणून ठेवल्यासारखं. पांढऱ्या अरुंद पाकळ्या, खालची मोठी पाकळी जांभळी, आणि खाली वाकलं की वास. एक फूल जेमतेम दिवसभर टिकतं, पण दुसऱ्या दिवशी शेजारी दुसरं असतं. तेव्हा हलकं पाणी सुरू करायचं. फुलं सरली की पानं येतात, वरून ठिपक्यांची, खालून जांभळी. पावसाळा त्याला मानवतो, निचरा तेवढा हवा. याला कंपोस्ट चालतं, आणि कडक उन्हापेक्षा झिरपतं ऊन आवडतं, म्हणून तुमच्या पूर्वेच्या गॅलरीत भिंतीकडेला ठेवा.

कंद नर्सरीत मागून बघा, नाही मिळाला तर ज्यांच्या घराला अंगण आहे अशा ओळखीच्या आजींना विचारा, बहुतेकींकडे असतो. मी दर दोन वर्षांनी जानेवारीत कुंडी उपसतो, तेव्हा मुळांच्या टोकाला लोंबणाऱ्या छोट्या गाठींसकट कंद निघतात. ते जपून, न तोडता दुसऱ्या कुंडीत लावायचे आणि लावल्यावर लगेच पाणी द्यायचं नाही.

एडलवाइस पुन्हा फुललेलं बघायचं असेल तर दर वेळी युरोपच गाठायला हवं असं नाही. या झाडाच्या बहुतेक जाती आशियातल्या आहेत आणि हिमालयात त्याची सख्खी भावंडं उगवतात. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तराखंडला व्हॅली ऑफ फ्लॉवर्सकडे गेलात तर खडकाळ उतारांवर नजर ठेवा.

आणि या वर्षी पेरलंत तर डिसेंबरच्या शेवटी इथे फोटो नक्की टाका. पान उलटं धरून, खालची बाजू दिसेल असा.