वेंगुर्ल्याच्या वखारीपासून सुरुवात कर

प्रिय मुली,

तुझं पत्र वाचून फार बरं वाटलं. डचांनी आपल्याकडे काय बांधलं, काय चितारलं, यावर प्रबंध करावा असं आर्किटेक्चरच्या विद्यार्थिनीला वाटणं, तेही सिंधुदुर्गातल्या, ही मला मोठी गोष्ट वाटते. पोर्तुगीज आणि इंग्रज यांच्यामध्ये डच आपल्या नजरेतून निसटूनच जातात. सुरुवात कुठून करू आणि हॉलंडला जायलाच हवं का, असं तू विचारलं आहेस. हॉलंडचं नंतर बघू.

आधी विषय लहान कर. पुलिकत, नागपट्टण, चिन्सुरा, सुरत, कोचीन आणि शिवाय श्रीलंकेतलं गॉल, अशी यादी तू पाठवली आहेस. एवढ्यात शिरलीस तर प्रत्येक ठिकाणचे चार फोटो आणि दोन परिच्छेद हाती लागतील. त्यापेक्षा एक माणूस धर आणि तो जिथे जिथे गेला तिथे तिथे त्याच्या मागे जा. मी सुचवीन तो माणूस हेंड्रिक व्हान रीड, डच ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी.

१६३६ सालचा जन्म. कोचीन १६६३ मध्ये डचांनी पोर्तुगीजांकडून जिंकून घेतलं, त्या लढायांत तो होता. १६७० ते १६७७ तो मलबारचा कमांडर होता. पुढे १६८४ मध्ये कंपनीच्या संचालकांनी त्याला वरिष्ठ आयुक्त नेमून पूर्वेकडच्या वखारींतला भ्रष्टाचार तपासायला पाठवलं. वाटेत तो आफ्रिकेच्या टोकाला, केपला उतरला. मग सिलोन, बंगाल, कोरोमंडल, मलबार अशा वखारी तपासत फिरला. १५ डिसेंबर १६९१ रोजी सुरतेकडे निघालेल्या जहाजावर, मुंबईजवळच्या समुद्रात तो वारला. त्याला सुरतेत पुरलं.

त्याची कबर तू सुरतेत कतारगाम दरवाजाजवळच्या डच कब्रस्तानात पाहशील. तिथे हॉलंडची आठवण करून देणारं फारसं काही सापडणार नाही. दुमजली इमारत, वर घुमट, वरखाली खांबांच्या फिरत्या पडव्या. एखाद्या मोगल सरदाराचा मकबरा म्हणून सहज खपेल. शेजारच्या इंग्रजांच्या कब्रस्तानात इंग्रज कंपनीच्या ऑक्झेंडन बंधूंची अशीच भव्य कबर आहे. तिच्यावर ताण करण्यासाठी डचांनी ही उभारली, असं सांगतात. चढाओढ असेलही. पण चढाओढीला घुमटच का लागावा, हा तुझा खरा प्रश्न. सुरतेत डच मालक नव्हते. मोगलांच्या फर्मानावर ते राहत आणि व्यापार करत होते. आपला माणूस किती मोठा होता हे त्या शहराला कळवायचं, तर शहराच्या परिचयाच्या रूपातच कळवावं लागणार. घुमट कसा तोलायचा हे माहीत असलेले गवंडी तर तिथे होतेच.

आता याच माणसाचं कोचीन बघ. तिथे कंपनी मालक होती, आणि ते बांधकामात लगेच दिसतं. पोर्तुगीजांच्या शहराचा मोठा भाग डचांनी पाडून टाकला, गाव आखडतं घेतलं, भोवती आपल्या पद्धतीचे बुरूज घातले. कॅथलिक चर्चपैकी सेंट फ्रान्सिस आपल्या पंथासाठी ठेवलं. ते बुरूज पुढे इंग्रजांनी उडवले, म्हणून आज तू तिथे गेलीस तर तटबंदीपेक्षा चर्चच्या भिंतींत बसवलेल्या थडग्यांच्या शिळाच जास्त बोलतील. मट्टनचेरीचा राजवाडाही जरूर बघ. लोक त्याला डच पॅलेस म्हणतात. तो पोर्तुगीजांनी १५५५ च्या सुमारास कोचीनच्या राजासाठी बांधला, डचांनी नंतर दुरुस्त केला, आणि आत भिंतींवर केरळी चित्रकारांनी रामायण रंगवलं आहे. माझं म्हणणं एवढंच की कुठलीही इमारत डच आहे असं वहीत लिहिण्याआधी तीन गोष्टी लिहायच्या: जमीन कोणाची, परवानगी कोणाची, हात कोणाचे.

हातांचा प्रश्न एकदा विचारायला लागलीस की त्याच व्हान रीडचा ग्रंथ तुला वेगळा दिसेल. ‘हॉर्टस मलबारिकस’. १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला बारा खंडांत छापला गेला. मलबारातल्या सुमारे ७४० वनस्पती आणि जवळपास आठशे ताम्रपटांवरून छापलेली चित्रं. पानांवरच्या शिरा, फळाचा उभा छेद, फुटणारा कोंब, सगळं इतकं निगुतीनं काढलंय की चित्रकलेचा इतिहास शिकवताना ही चित्रं का दाखवत नाहीत याचं मला दर वेळी वाईट वाटतं. पुढे वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनेही या चित्रांचा आणि वर्णनांचा आधार घेतला.

या ग्रंथाचं ज्ञान कुठून आलं? चेर्तलाजवळचे एळवा समाजातले वैद्य इट्टी अच्युतन यांच्याकडून, आणि रंग भट, विनायक पंडित व आपू भट या तीन कोंकणी ब्राह्मणांकडून. गोव्यातल्या पोर्तुगीज छळाला कंटाळून दक्षिणेत उतरलेल्या घराण्यांचा तो समाज. पहिल्या खंडात या तिघांचं प्रमाणपत्र आहे, १६७५ सालचं, कोंकणीत, नागरी अक्षरांत. ते ताम्रपटावर कोरून जसंच्या तसं छापलंय. चित्रांच्या कोपऱ्यातही झाडांची नावं मल्याळी आणि अरबी लिपींबरोबर नागरीत आहेत. ही अक्षरं तुला कोणाच्या मदतीशिवाय वाचता येतील. युरोपातल्या अनेक अभ्यासकांना ती केवळ नक्षी वाटत आली असतील. तुझ्यासाठी तो पुरावा आहे. खंड इंटरनेटवर पूर्ण बघायला मिळतात. रोज दहा चित्रं बघ, नावं उतरवून घे, आजीला वाचून दाखव. मालवणीतलं नाव जुळलं तर बाजूला नोंद कर. मला वाटतं हे काम तुझ्यासारखं कोकणातलं मूलच नीट करू शकेल.

ज्यांनी झाडांवर चढून फांद्या उतरवल्या त्यांची नावं मात्र त्या बारा खंडांत कुठेच नाहीत.

आता जड भाग. तो टाळू नकोस. व्हान रीडच्या काळातलं कोचीन हे मसाल्यांबरोबर माणसं जहाजावर चढवणारंही बंदर होतं. मलबार, कोरोमंडल, बंगाल इथून धरलेली, विकलेली माणसं बटाव्हियाला (आजचं जकार्ता) आणि केपला जात. केपच्या नोंदवह्यांत त्यांना घराण्याचं नाव नसे. ‘मलबारची’, ‘बंगालचा’ एवढंच लिहिलेलं असे. १६७९ मध्ये कंपनीनं तिथे गुलामांसाठी एक इमारत बांधली. ती आजही केपटाऊनमध्ये उभी आहे, आता संग्रहालय म्हणून. १६८५ मध्ये आयुक्त या नात्यानं व्हान रीड तिथे उतरला तेव्हा त्यानं गुलामांबद्दल नियम घालून दिले: मिश्र वंशाच्या गुलाम पुरुषांना पंचविसाव्या वर्षी, बायकांना बाविसाव्या वर्षी मोकळं करावं, पण त्यांना डच भाषा आणि ख्रिस्ती धर्म आलेला हवा. त्याच भेटीत त्यानं केपचा कमांडर सिमोन व्हान डेर स्टेल याला तिथली कॉन्स्टॅन्शियाची जमीन दिली. केपमधली ती प्रसिद्ध पांढरी, वळणदार कमानशीर्षांची घरं ज्या गिलाव्यासाठी नावाजली जातात, तो गिलावा करणाऱ्यांत गुलाम कारागीर मोठ्या संख्येनं होते. प्रत्येक पानावर कोंकणी नाव नोंदवून घेणारा माणूस आणि हे नियम लिहिणारा माणूस एकच. त्यातला एक खरा आणि दुसरा अपवाद, असं म्हणून सुटका करून घेऊ नकोस.

त्या काळी सगळेच तसे होते, असं तुला कोणीतरी परीक्षेत ऐकवेल. त्याला १६७७ चा कौल दाखव. कर्नाटकच्या स्वारीत शिवाजी महाराजांनी डचांना व्यापाराचा कौल दिला तेव्हा त्यात स्पष्ट कलम होतं की या मुलखात माणसांची खरेदी-विक्री करता येणार नाही. कौलाची नोंद खुद्द डच दप्तरात आहे. म्हणजे त्याच काळात, त्याच कंपनीला, हे चालणार नाही असं सांगणारा राज्यकर्ता होता.

आणि आता वेंगुर्लं. तुझ्या घरापासून किती लांब? १६३७ च्या सुमारास, गोव्याची नाकेबंदी करताना पाणी, रसद आणि बातमी मिळावी म्हणून डचांनी विजापूरच्या आदिलशहाकडून तिथे वखारीची परवानगी काढली. कंपनीचा जोहान व्हान ट्विस्ट त्यासाठी विजापूरला गेला होता. कोचीन हाती आल्यावर वेंगुर्ल्याचं महत्त्व ओसरलं आणि १६८० च्या दशकात त्यांनी ते सोडलं. आज छप्पर गेलेल्या, झाडोऱ्यानं वेढलेल्या भिंती उरल्यात. दर पावसाळ्यात त्यातलं काही ना काही ढासळतं, म्हणून मी घाई करायला सांगतोय.

पाऊस संपला की जा. झाडं काही तोडू नकोस, मुळं भिंतीला धरूनही असतात. टेप, ओळंबा, कंपास घे आणि आधी नकाशा काढ, फोटो नंतर. भिंतींची जाडी प्रत्येक दारापाशी मोज. जाडी जिथे बदलते तिथे बहुधा बांधकामाचा काळ बदलतो. जांभ्याचे चिरे कुठल्या मापाचे आहेत ते लिही आणि गावातल्या जुन्या देवळाच्या, विहिरीच्या चिऱ्यांशी ताडून बघ. माप जुळलं तर वखार स्थानिक खाणीतून, स्थानिक पाथरवटांच्या सवयीनं उभी राहिली असं म्हणायला आधार मिळेल. चुन्यात शिंपल्यांचे कण दिसतात का ते भिंगातून बघ. छोटी, पिवळसर भाजकी वीट दिसली तर जागेवरून हलवू नकोस, फक्त नोंद कर. अशा विटा डच जहाजं तळाशी वजन म्हणून आणत, आणि केपच्या किल्ल्याच्या दरवाजात त्या आहेत. आणि जवळपास चिऱ्यांच्या खाणीवर काम केलेले म्हातारे असतील त्यांना वखारीवर घेऊन जा. भिंत बघून ते जे सांगतील ते कुठल्याच दप्तरात नाही.

हे झाल्यावर दप्तराकडे वळ. कंपनीची कागदपत्रं हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि बराचसा भाग घरी बसून पाहता येतो, त्यामुळे तिकिटाचे पैसे आत्ताच साठवत बसू नकोस. कोचीनची डच कागदपत्रं तर चेन्नईत आहेत. पण डच शिकावंच लागेल, आणि सतराव्या शतकातलं हस्ताक्षरही. दोन वर्षं लागतील असं धरून चाल. कारकुनांनी माल, वजन, भाव आणि पगार लिहिले. वखारीवर चिरे वाहणाऱ्यांचा उल्लेख आलाच तर मजुरीच्या आकड्यात येईल. म्हणून हिशेबाच्या वह्या आधी वाच, गव्हर्नरांची लांबलचक पत्रं नंतर.

तुझ्या मार्गदर्शकांना विषय लहान वाटला तर त्यांना हे पत्र दाखवायला माझी हरकत नाही. दिवाळीपर्यंत वखारीचा पहिला आराखडा पाठव, प्रमाण १:१०० चालेल. चिऱ्यांच्या मापांचा तक्ता वेगळ्या कागदावर जोड.

अनेक आशीर्वाद.