आराध्याच्या पाया पडणारे आपण

चि. ओवीस अनेक आशीर्वाद.

परवा जेवताना तू जे विचारलेस त्याला मी "उद्या बोलू" म्हणून बगल दिली आणि तुझ्या बाबांनी घाईघाईने क्रिकेटचा विषय काढला. प्रश्न साधा होता. गेल्या खेपेला गावी माझ्या आईच्या, माईच्या, दारात साडी नेसलेला आराधी, म्हणजे देवीच्या नावाने जोगवा मागणारा भक्त, आला, त्याच्या पाया माई पडली, मामी पडली, तुलाही पडायला लावले. मग तो गल्लीच्या वळणापर्यंत पोचायच्या आत तुझ्या मामेभावांनी टाळ्या वाजवून त्याची नक्कल केली आणि मोठी माणसे हसली. तो देवीचा माणूस असेल तर त्याची टिंगल का, आणि त्याला कोणी आत येऊन जेव असे का म्हटले नाही, असे तू विचारलेस. "तुम्ही लोक असे का वागता," असेही म्हणालीस. ते मला लागले, कारण माझ्या हिशेबी त्या लोकांत तूही येतेस. समोर बसून बोलले की मला रडू तरी येते किंवा राग तरी येतो, म्हणून लिहिते आहे.

तू आराधी पहिल्यांदा पाहिलास, मी त्यांच्यातच वाढले. आपले गाव येरमाळ्यापासून पायी जाण्याच्या अंतरावर, त्यामुळे चैत्री पौर्णिमेच्या यात्रेला, येडाई देवीची पालखी चुनखडी वेचायला आमराईकडे निघण्याच्या दिवसांत, आमच्या दारावरून आराध्यांचे मेळे जात. गळ्यात कवड्यांच्या माळा, हातात परडी, कपाळभर मळवट, मागे संबळ आणि "आई राजा उदो उदो"चा गजर. त्यांत बाया असत तसे लुगडे नेसलेले बाप्येही असत आणि त्यात काही वेगळे आहे असे आम्हा पोरांना वाटत नसे.

आमच्या गल्लीच्या टोकाला असाच एक आराधी राहत असे, ज्याला लहानथोर सगळे मावशी म्हणत. लहानपणी डोक्यात जट आली म्हणून आईबापांनी त्याला देवीला सोडले, एवढेच आम्हाला ठाऊक होते. मंगळवारी आणि शुक्रवारी तो जोगवा मागायला येई, माई त्याच्या परडीत ज्वारीचे पीठ आणि वर मीठ घाली, आणि मग दोघे ओट्यावर कितीतरी वेळ बोलत बसत. माई तेव्हा तिशीचीही नव्हती आणि सासऱ्या-दिरांसमोर डोक्यावरचा पदर ढळू न देता वावरत असे. परक्या पुरुषाशी ती चार वाक्ये बोलली नसती. पण मावशीला ती अंगावरची दुखणी, अण्णांचा राग, बाळंतपणातले हाल, सगळे सांगे, आणि तो तिला घरच्या कोणी कधी दिला नसेल असा सल्ला देई. म्हणून मराठवाड्यात अशा माणसांना काही जागाच नव्हती असे कोणी म्हटले, की मला ते अपुरे वाटते आणि मी भांडायला उठते.

तुझ्या प्रश्नानंतर मात्र मी आठवायचा प्रयत्न केला, आणि मावशी उंबऱ्याच्या आत आल्याची एकही आठवण मला सापडली नाही. लग्नकार्यात त्याची पत्रावळ बाप्यांच्या पंगतीत नसे आणि बायकांच्याही नसे. सगळ्या पंगती उठल्या की त्याला ओट्यावर वाढत. आमच्या गावात बाहेर बसणारा तो एकटा नव्हता, हेही तुला सांगितले पाहिजे, आणि त्याला बाहेर ठेवण्यात जात किती आणि साडी किती हे मला आज वेगळे करून दाखवता येणार नाही. मान होता तो परडीला होता. परडी घरी ठेवून तो आठवडी बाजारात भाजी घ्यायला गेला की टवाळ पोरे मागे लागत, आणि संध्याकाळी त्यांच्याच आया मुलाची दृष्ट काढायला त्याला बोलावून नेत.

शिवाय ही बाहेरची जागा मिळायलाही देवीने धरलेले असावे लागे. ज्याला देवीने धरले नाही त्याचे काय होई, हे मी आपल्याच घरात पाहिले आहे. जुन्या फोटोत अण्णांच्या शेजारी उभा असलेला, पांढऱ्या शर्टातला देखणा माणूस म्हणजे माझा विनूकाका, अण्णांचा चुलतभाऊ. गौरींपुढची रांगोळी तोच काढायचा, पुरणपोळी त्याच्यासारखी पातळ घरातल्या एकाही बाईला लाटता येत नसे, आणि तोवर त्याचे सगळ्यांना कौतुकच होते. लग्नाचे वय झाले तशी त्याच गोष्टींची कुजबुज होऊ लागली आणि मोठ्यांनी बार्शीकडची मुलगी पाहून लग्न उरकून टाकले. काकू वर्ष सरायच्या आत माहेरी गेली ती परत आली नाही. "त्याला लग्न मानवले नाही," हे घरात ठरलेले वाक्य होते, जणू लग्न म्हणजे एखादे औषध होते. काका पुण्याला नोकरीला गेला आणि मग फक्त येळवशीला, मार्गशीर्ष अमावास्येच्या सणाला, शेतात यायचा. तो कोण होता हे मी सांगू शकत नाही, कारण त्याने कधी सांगितले नाही आणि आम्ही कोणी विचारले नाही. त्याच्यासाठी आज मला वाईट वाटते, पण त्या काकूसाठी अधिक वाटते. ती आमच्या घरात माझ्या वेण्या घालत असे, आणि तिच्या आयुष्याचे काय झाले याची चौकशी करावी असे कोणाच्याही मनात आले नाही.

बापूमामा तुला म्हणाला की हे सगळे परदेशी खूळ आहे आणि आपल्याकडे असले काही नव्हते. तो वाईट माणूस नाही, हे तुलाही माहीत आहे. तुला ताप आला तेव्हा रात्री मोटारसायकलवर कळंबला जाऊन औषध त्यानेच आणले. पण त्याचे म्हणणे खरे नाही. र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकाला वाचक जे खासगी प्रश्न लिहून पाठवत, त्यांत समलिंगी आकर्षणाबद्दलचे प्रश्नही असत, आणि त्यांना सरळ उत्तरे दिली म्हणून १९३४ मध्ये कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला चालला. त्यांचे वकीलपत्र बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते, तरी कर्व्यांना २०० रुपये दंड झालाच. आपला भाग तर तेव्हा निजामाच्या राज्यात. त्या सरकारने १९१९ च्या सुमारास, फसली १३२९ मध्ये, हैदराबाद शहरातल्या तृतीयपंथीयांची नोंदवही ठेवण्याचा आणि बाईच्या वेषात रस्त्यावर दिसल्यास त्यांना वॉरंटाशिवाय पकडण्याचा कायदा केला, जो तेलंगणा उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये रद्द केला. जे नव्हतेच त्याच्यासाठी कोणी नोंदवही कशाला ठेवील?

आणि परदेशाचे म्हणशील, तर इथले, ऑस्ट्रेलियातले, चित्रही मी पाहिले आहे. २०१७ मध्ये समलिंगी विवाहावर टपालाने मते मागवली गेली, तेव्हा तू लहान होतीस. देशात ६१.६ टक्के लोकांनी होकार दिला. पण आपल्या मेलबर्नमधल्या ब्रूस आणि कॉलवेल या मतदारसंघांत, जिथे आपल्यासारखी बाहेरून आलेली कुटुंबे फार आहेत, नकार जास्त निघाला. त्या वर्षीची दिवाळी मतदान चालू असतानाच आली. आमच्या फराळाला जमलेल्या बहुतेकांचे लिफाफे एव्हाना पोस्टात पडले असावेत, तरी चकली कोणाकडून आणली आणि घराचे भाव किती वाढले याखेरीज कोणी काही बोलले नाही. मी होकार दिला होता आणि मीही चकलीबद्दलच बोलले. मोठ्याने विरोध करणाऱ्यापेक्षा ही अशी गप्प राहायची सवय आपल्यात जास्त मुरलेली आहे, असे मला वाटते. तिला मी संस्कार म्हणणार नाही, पण तिच्यातून अजून पुरती सुटलेही नाही.

तिकडे भारतातही गोष्टी बदलत आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तृतीयपंथीयांची स्वतंत्र ओळख मान्य केली, २०१८ मध्ये समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असे सांगितले, आणि २०२३ मध्ये विवाहाचा हक्क मात्र दिला नाही. माईला यातले काही माहीत नाही. पण बीड जिल्ह्यात, माजलगावला, महिला पोलीस म्हणून भरती झालेल्या एका शिपायाने २०१७ मध्ये लिंगबदलाच्या शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली, खात्याने आधी नकार दिला, पुढे परवानगी मिळाली आणि २०१८ मध्ये शस्त्रक्रिया झाली, ही बातमी तिने पेपरात वाचली होती. मी फोनवर भीत भीत तिचे मत विचारले, तर ती म्हणाली, "नोकरी राहिली ना त्याची? मग झालं." मी हसले, पण नंतर वाटले की आपल्याकडचा बदल बहुधा याच वाटेने येईल. दुष्काळी भागात सरकारी नोकरी टिकवणाऱ्या माणसाला नावे ठेवायला सहसा कोणी धजत नाही. मावशीला परडी होती, या शिपायाला वर्दी आहे. दोन्हींपैकी काहीच नसलेल्या माणसाचे काय, असे तू विचारशील, आणि त्याचे उत्तर माझ्याजवळ नाही.

दहावीत असताना मुलीचे नाव टाकून मुलाचे नाव घेतलेला तुझा मित्र या सुट्टीत आपल्याबरोबर गावी येऊ इच्छितो, हे तू बाबांना सांगितलेस आणि मला नाही, याचे कारण मी समजू शकते. त्याला आणायला माझी हरकत नाही. येळवशीला शेतात कोपीसमोर बसून भज्जी आणि आंबिल खायला जो येईल त्याला आपल्याकडे कोणी कधी परत पाठवलेले नाही, निदान त्या दिवशी तरी. पण माईला काय सांगायचे ते आधी त्यालाच विचार. तो मुलगा आहे यापलीकडे काही सांगावे असे त्याला वाटत नसेल, तर मीही सांगणार नाही. सांगायला त्याची हरकत नसेल, तर आपण पोचायच्या आधी मी तिच्याशी बोलेन, कारण ऐन वेळी पाहुण्यांसमोर कळले की ती गोंधळते आणि गोंधळली की तिरकस बोलते. त्याची झोपायची सोय मामेभावांबरोबर माडीवर होईल आणि न्हाणीघराला आता आतून कडी आहे. बापूमामा काही बोललाच तर त्याच्याशी मी बोलेन, ते तुझ्यावर टाकणार नाही. तुला नको असेल तर हे सगळे मनावर घेऊ नकोस, मी आग्रह करत नाही. अमावास्येच्या आधी पोचायचे असेल तर तिकिटे लवकर काढावी लागतील, म्हणून त्याच्या घरच्यांचे काय म्हणणे आहे ते शनिवारपर्यंत मला कळव.

तुझी,
आई