आठ महिन्यांच्या बाळाच्या काखेत गाठ आहे, सोनोग्राफीत नक्की कळलं नाही. सोलापुरातच निदान होईल का?

बरंचसं होईल. गाठ डाव्या काखेत असेल तर आधी बीसीजी लसीमुळे सुजलेली ग्रंथी नाही ना, हे डॉक्टरांना विचारा; ते कितीतरी जास्त वेळा दिसतं. तसं नसेल तर फायब्रस हॅमार्टोमा (लहान बाळांत होणारी तंतू-चरबीची गाठ) किंवा लायपोब्लास्टोमा (कोवळ्या चरबीपेशींची गाठ) असू शकतो. दोन्ही दुर्मीळ, पण कॅन्सर नव्हेत.

सोनोग्राफी अशा गाठीचं नेमकं नाव बहुतेकदा सांगत नाही. ते बायोप्सीतच कळतं. हॅमार्टोमात तंतू, चरबी आणि कोवळ्या पेशींची बेटं एकत्र दिसतात, सुईने घेतलेल्या नमुन्यात तिन्ही येतीलच असं नाही. बालशल्यचिकित्सकांना दाखवा. शंका उरली तर ब्लॉक-स्लाइड (बायोप्सीचा मेणात जपलेला तुकडा आणि त्याच्या काचपट्ट्या) पुण्या-मुंबईला पाठवता येतात, बाळाची धावपळ होत नाही. गाठ झपाट्याने वाढत असेल तर मात्र थांबूच नका, फायब्रोसार्कोमा (तंतूपेशींचा कॅन्सर) नाही याची खात्री हवी. आणि कृपा करून शेक, लेप, चोळणं काही नको.